निवडलेली मेथी, दोन वाट्या

पाककृतीच्या पुस्तकात किंवा व्हिडिओत साहित्याची यादी येते तेव्हा तिच्यात एक ओळ हमखास असते : निवडून, धुऊन, बारीक चिरलेली मेथी, दोन वाट्या. जणू मेथी शेतात तशीच उगवते. मग कृती सुरू होते, मोहरी तडतडते, लसूण लाल होतो आणि दहा मिनिटांत भाजी तयार. ते खोटंही नाही. फोडणी टाकल्यापासून झाकण काढेपर्यंत खरोखर दहाच मिनिटं लागतात. त्याआधी जुडी सोडायची, मुळं कापायची, पिवळी पानं बाजूला काढायची, कुठला देठ कोवळा आणि कुठला जून ते नखाने मोडून बघायचं, तीन पाण्यांतून माती काढायची, निथळत ठेवायची आणि चिरायची. हे सगळं त्या यादीतल्या दोन स्वल्पविरामांत बसवलेलं असतं. जुडी मोठी असेल तर सहज पाऊण तास. आणि शिजल्यावर ती मूठभर होते, ते दुःख वेगळंच.

आमच्याकडे सकस खाण्याचा विषय निघाला तो नवऱ्याच्या रक्ततपासणीवरून. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा ६.१ आला. ५.७च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह, आणि मधला पट्टा काठावरच्या मंडळींचा. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली नाही. ‘जरा खाण्याकडे बघा’ एवढंच म्हणाले. बोलत होते नवऱ्याशी, पण बघत होते माझ्याकडे.

त्यानंतर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. बेंगळुरूच्या लेकीने ओट्स आणि चियाचे व्हिडिओ पाठवले, सासूबाईंनी मेथीदाणे रात्री भिजत घालायला सांगितलं. आमच्या बिल्डिंगमध्ये तर सरळ दोन पंथच आहेत. तिसऱ्या मजल्यावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांना मानणारं कुटुंब : दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत, अधेमधे काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. पाचव्या मजल्यावर ऋजुता दिवेकरांची पुस्तकं वाचणारे : ठरावीक अंतराने थोडं थोडं खायचं, घरचं आणि हंगामातलं खायचं, तुपाला घाबरायचं नाही. दोन्ही मजल्यांवर वजनं उतरली आहेत. लिफ्टमध्ये त्यांची गाठ पडली की ऐकण्यासारखं असतं. मला त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते, ती म्हणजे दोन्ही घरांतली चहाबरोबरची खारी आणि संध्याकाळचं फरसाण बंद झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं मत मात्र सगळ्यांत व्यवहारी. ‘दोनदाच जेवतात ना, मग ओटा पण दोनदाच पुसावा लागतो.’ मी हसले खरी, पण नंतर वाटलं, बाई मुद्द्याचं बोलली. घरातलं कुठलंही पथ्य टिकणार की नाही हे त्यातली किती कामं ओट्याशी येऊन थांबतात यावर ठरतं. कॅलरीचा हिशेब त्याच्यानंतर येतो.

या विषयात आपल्याकडची जुनी आणि भरवशाची जागा म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्था. आजच्या तमिळनाडूतल्या कुन्नूरला १९१८ मध्ये बेरीबेरीच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू झालं, १९५८ मध्ये ते हैदराबादला हललं आणि आज देशभराच्या ताटांचं गणित तिथे मांडलं जातं. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी या संस्थेने आखलेलं ताट असं आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शिवाय थोडा सुकामेवा आणि मोजकं तेल-तूप. सगळी वजनं शिजवण्याआधीची. मी ते वाचलं आणि भाज्यांच्या आकड्यापाशी थांबले. माणशी ४०० ग्रॅम. आम्ही घरात चौघं. म्हणजे दिवसाला एक किलो सहाशे आणि आठवड्याला अकरा किलोच्या वर.

अकरा किलो भाजी म्हणजे काय ते आकड्यात कळत नाही, पिशवीत कळतं. भरलेल्या चार पिशव्या, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असेल त्या दिवशी नेमक्या आणायच्या. त्यातली निम्मी पालेभाजी म्हटली तर फ्रिजचा खालचा कप्पा एका दिवसात भरतो. एरवी मराठी घरातल्या ताटाचं प्रमाण उलटं असतं. तीन-चार पोळ्या आणि अर्धी वाटी भाजी. भाजी पोळीला लावून खायची, पोळी भाजीला लावून नाही. ‘पोळी कमी करा, भाजी वाढवा’ असं आहारतज्ज्ञ सांगतात तेव्हा ते एका श्वासात दोन गोष्टी सांगतात, आणि त्या दोन गोष्टींना लागणारे कष्ट मुळीच सारखे नाहीत. पोळी कमी केल्याने ओट्यावरचं काम फारसं घटत नाही, कारण कणीक तर मळायचीच आहे आणि बऱ्याच घरी पोळ्यांना मावशी येतात. भाजी वाढवली की काम वाढतं, आणि ते सगळं आधीचं, न दिसणारं काम असतं.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला. पुरुषांमध्ये ज्यांनी ती कामं केली, त्यांचा ९७. अकरा किलो भाजीला जागा करायची आहे ती या २९९ मिनिटांतच. नोकरी करणाऱ्या बाईने ती कुठे करायची?

मुंबईच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, संध्याकाळी. मी डोंबिवलीची, त्यामुळे हे मला कुणी सांगायला नको. सीएसएमटीला बसायला मिळालं की ऑफिसची पर्स मागे सारायची, मांडीवर पिशवी उघडायची, दुसरी रिकामी पिशवी गुडघ्यांमध्ये धरायची. मटारच्या शेंगा, गवारीच्या शिरा, वालपापडी, मेथी, हंगाम असेल तसं. दाणे इकडे, टरफलं तिकडे. शेजारची बाई न विचारता मूठभर शेंगा उचलते आणि सोलायला लागते, आणि तिची सोलून झालेली मूठ बरोबर तुमच्या पिशवीत पडते. भायखळ्याला सोडलेली जुडी मुंब्र्याच्या आत संपते. चिरायला मात्र कोणी घेत नाही. नियम कुठे लिहिलेला नसेल, पण हलत्या गाडीत सुरी काढलेली मी पाहिली नाही. या दृश्यावर कौतुकाने बरंच लिहिलं जातं, फोटो काढले जातात, मुंबईच्या बाईची जिद्द वगैरे. मला त्यात जिद्द कमी आणि ओव्हरटाइम जास्त दिसतो. तो बिनपगारी, आणि बसायला जागा मिळाली तरच.

सकस अन्नाविषयी बोलताना आपण ज्ञानाबद्दल बोलत राहतो. अमुक खा, तमुक टाळा. माझा अनुभव असा की मराठी घरात ज्ञानाची टंचाई कधीच नव्हती. पालेभाजी चांगली, उसळ चांगली, भाकरी चांगली, हे ऐकूनच आपण मोठे झालो. घरातून जे हळूहळू गेलं ते चवीमुळे गेलं नाही, वेळेमुळे गेलं.

भाकरीचंच घ्या. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आपल्या सरकारने त्यांना श्री अन्न म्हटलं, आणि एके काळी गरिबाची म्हणून हिणवलेली ज्वारी आमच्या वाण्याकडे गव्हापेक्षा महाग झाली. सगळे विचारतात, लोकांनी भाकरी का सोडली? डब्यासाठी सोडली. गव्हात ग्लूटेन असतं, त्याने कणीक ताणली जाते, पोळी घडी घालून डब्यात ठेवली तर दुपारी एकला मऊ राहते. ज्वारीत ते नाही. पीठ बांधायलाच गरम पाणी लागतं, प्रत्येक भाकरीपुरतं पीठ वेगळं मळावं लागतं, हाताने थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची आणि मग विस्तवावर फुगवायची. इतकं करून ती खाण्यात मजा तेव्हाच, जेव्हा ती तव्यावरून ताटात येते. एसी ऑफिसात दुपारी डबा उघडला की तीच भाकरी वातड झालेली असते. पीठही ताजंच हवं. बाजरीत स्निग्धांश जास्त, म्हणून तिचं दळण आठ-पंधरा दिवसांत कडवट व्हायला लागतं. आता गिरणीत दर आठवड्याला एकेक किलो दळण घेऊन कोण जाणार? शेतावर शिळी भाकरी आणि ठेचा आवडीने खाणारे आहेत, सोलापूरकडची कडक भाकरी तर मुद्दाम टिकण्यासाठीच करतात. पण आठ-बावीसची गाडी पकडणाऱ्या घरात पोळी जिंकली ती टिकण्यावर, पौष्टिकतेवर नाही. आमच्या पोळ्यांच्या मावशी भाकरीचे पैसे पोळीच्या दुप्पट घेतात. घ्यावेत. म्हणून आम्ही भाकरी ठेवली आहे ती रात्रीची, जेव्हा सगळे घरात असतात आणि पहिली भाकरी उतरेपर्यंत कुणालाही ताटावर बसवता येतं.

उसळीचं दुखणं आणखी वेगळं. उसळीला कष्ट फार नाहीत, पण ती आधी ठरवावी लागते. बुधवारी मटकीची उसळ हवी तर सोमवारी रात्री मटकी भिजत पडली पाहिजे. मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची आणि झाकून ठेवायची. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत फडक्यातून मोड डोकावतात, डिसेंबरात गुरुवार उजाडतो. भिजण्यात आणि मोड येण्यात जे होतं ते मोलाचं आहे. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळपास नसतं, ते मोड येताना तयार होतं, आणि लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं. शिजवताना त्या जीवनसत्त्वातलं बरंचसं जातं, म्हणून वरून लिंबू पिळायचं. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमका उलटा वागतो. पोह्यांवर लिंबू आणि पाठोपाठ चहा हा आपला रविवारचा थाट त्या दृष्टीने विनोदी आहे. पण मला सांगायचंय ते मोडांबद्दल नाही, सोमवारबद्दल. सोमवारी रात्री साडेदहाला, दिवसभराचं सगळं उरकल्यावर, दिवे मालवता मालवता ‘परवा उसळ’ हे आठवणारं कुणीतरी घरात लागतं. ते आठवणं हे काम कुठल्याच पाहणीत मोजलेलं नसतं. मिनिटंच लागत नाहीत त्याला. डोकं मात्र कायम गुंतलेलं राहतं.

वालाचं तर विचारूच नका. कडवे वाल भिजवा, मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा, की डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि साल बोटांत राहतं. पहिले पन्नास मजेचे असतात. दोन वाट्या वाल म्हणजे तासाभराची निश्चिंती, आणि पाण्यात भिजून बोटांची टोकं सुरकुततात. मी आता बाजारातून सोललेले आणते. महाग पडतात, आणि ते पैसे देताना मला जराही वाईट वाटत नाही, कारण कुणीतरी तासभर बोटं सुरकुतवली आहेत हे मला माहीत आहे. दादर-डोंबिवलीकडे मोड आलेली कडधान्यं, सोललेला लसूण, निवडलेली भाजी विकायला बसणाऱ्या बायका सकस अन्नासाठी जेवढं करतात तेवढं ओट्सच्या जाहिरातींनी केलेलं नाही. फक्त आधीच चिरलेली भाजी घ्यायला मन होत नाही. चिरून ठेवलेल्या भाजीतलं सत्त्व उघड्या हवेत कमी होत जातं, आणि चिरल्यानंतर धुतली तर आणखी पाण्यात जातं. भाजी आधी धुवायची, मग चिरायची. ती आधी कुणी धुतली की नाही हे त्या पिशवीवर लिहिलेलं नसतं.

कमी कष्टात भाजीचा आकडा वाढवायचा तर कोशिंबिरीला पर्याय नाही, या निष्कर्षाला मी आले आहे. दोन गाजरं किसायला पाच मिनिटं. काकडी चोचवायला त्याहून थोडी जास्त. कूट डब्यात तयार असतंच, दही घरचं, मीठ अगदी बसताना घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. कोबी, मुळा, बीट, टोमॅटो, पातीचा कांदा, काहीही चालतं. अडचण एकच. मराठी ताटात कोशिंबीर डाव्या बाजूला असते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं यांच्या पंगतीत तिची जागा चमचाभर. उजवी बाजू भाजीची, आमटीची. मी कोशिंबीर वाटीभर वाढायला लागले तेव्हा सासूबाईंनी हरकत घेतली. ‘अगं, डावीकडचं एवढं वाढायचं नसतं. ताट डावखुरं दिसतं.’ त्यांचं चुकत नव्हतं. सणाच्या ताटात वाढण्याला एक तोल असतो आणि तो मलाही मोडवत नाही. रोजच्या जेवणापुरती तडजोड झाली : कोशिंबिरीची वाटी ताटाच्या बाहेर, आणि ती आधी खायची. भाजी-कोशिंबीर आधी आणि पोळी-भात नंतर, या क्रमाने जेवल्यावर साखर कमी चढते असं अभ्यासांत दिसलं आहे. सासूबाईंना मी हे कारण सांगितलं नाही. ‘पोळ्या होईपर्यंत हे खाऊन घ्या’ असं सांगितलं. ते त्यांना जास्त पटलं.

मीठ आणि साखर यांचं फार लांबवत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे लहान चमचा सपाट भरून. चौघांचे वीस ग्रॅम, म्हणून किलोची पुडी पन्नास दिवस जायला हवी. पुडी उघडली की तिच्यावर तारीख लिहायची, बाकी कुठलं यंत्र नको. लोणचं, पापड आणि बाहेरचं फरसाण या हिशेबात धरलेलंच नाही, हे लक्षात ठेवून. साखरेला तीच संघटना म्हणते, साधारण २५ ग्रॅमच्या आत राहाल तर उत्तम. म्हणजे सहा चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा झाले की दिवसाचा कोटा संपला, शिऱ्याचा विषयच नको. यावर गूळ हा तोडगा नाही. कोल्हापूरचा गूळ मला प्राणप्रिय आहे, आमटीत त्याच्याशिवाय चालत नाही, पण रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांतला भेद फारसा कळत नाही. सैंधवाचंही तेच. रंग गुलाबी, सोडियम जवळपास तेवढंच, आणि आयोडीन मुद्दाम घातलेलं नसेल तर तेही हातचं जातं.

‘झटपट’ हा शब्द ऐकला की हल्ली पाकीट डोळ्यांसमोर येतं, पण झटपट अन्न आपल्या घरांत फार आधीपासून होतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ, डांगराचं पीठ, कुळथाचं पीठ. भाजणीला ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला भाजायला लागणारा वेळ वेगळा. उडदाचा वास सुटतो तेव्हा तांदूळ अजून कच्चे असतात. एक अख्खी दुपार कढईपाशी, मग गिरणी, मग गार करून डबे भरणं. त्या एका दुपारीच्या बळावर पुढचे दोन महिने रात्री आठ वाजता कुणीही दमूनभागून आलं तरी पंधरा मिनिटांत थालीपीठ होतं, त्यात धान्य आणि डाळ दोन्ही, आणि वर किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी ढकलता येते. धान्यात लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी, दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात, हे विज्ञान पुढे आलं. भाजणी त्याच्या आधीपासून डब्यात होती. वरण-भातातही तीच जोडी. या पदार्थांचं मला कौतुक आहे ते परंपरा म्हणून नाही. त्यांत कुणीतरी वेळेचा विचार केला आहे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि घरोघरी राहिली, त्याचं एक कारण तिच्यातलं वाटी-चमच्याचं माप होतं असं म्हणतात. घरात काय असतं, काय नसतं, हे ठाऊक असणाऱ्या बाईचं ते माप. दुपार काढायला जमणार नसेल तर भाजणी बचत गटाकडून सरळ विकत घ्यावी. थालीपीठ तेवढं घरी लावावं, कारण तव्याला मधोमध भोक पाडून त्यात तेल सोडण्याचा मान मी इतरांना देत नाही. (तव्याला नाही, थालिपिठाला. घाईत लिहिलं की असं होतं.)

एवढं सगळं करून शेवटी ताटावर बसते कोण आणि कधी? देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्याची कारणं एकाहून अधिक आहेत, पाळी आहे, बाळंतपणं आहेत, जंत आहेत. पण मूठभर झालेली मेथीची भाजी चौघांना वाढून झाल्यावर कढईला जे लागलेलं असतं ते पोळीच्या तुकड्याने पुसून खाणारी बाई कोण असते, हे आपल्याला पाहणीशिवाय माहीत आहे. निवडली तिने, आठवली तिने, आणि लोह गेलं इतरांच्या पोटात. म्हणून आमच्या घरी आता भाजी वाढायच्या आधी चार वाट्यांत करायची, हा एक बदल मी कुणालाही न विचारता केला. पथ्य नवऱ्याचं असलं तरी.

दुसरा बदल नवऱ्याने केला, आणि तो डॉक्टरांच्या कुठल्याही सल्ल्यात नव्हता. संध्याकाळी क्रिकेट बघता बघता तो भाजी निवडतो. मेथी, पालक, माठ, तांदुळजा सगळं. सुरुवातीला कोवळे देठ टाकायचा आणि जून पानं ठेवायचा. आता हात बसलाय. शेपू त्याला आवडत नाही, त्यामुळे शेपूची जुडी निवडायला त्याला दोन डाव लागतात. कधी कधी भाजी आणतोही. चाकवत कुठला आणि चुका कुठला हे मात्र त्याला अजून ओळखता येत नाही. भाजीवाल्या मावशींना विचारतो, ‘ह्यातला चाकवत कुठला?’ त्या त्याला बिनचूक दोन्ही जुड्या देतात आणि दोन्हींचे पैसे घेतात. ताकातल्या चाकवतात थोडा चुका घातला तर चव बिघडत नाही, चांगलीच होते, म्हणून मीही काही बोलले नाही. मावशी मात्र परवा त्याला म्हणाल्या, ‘साहेब, अंबाडी पण घ्या, तीही तशीच दिसते.’